वरचा कोपरा दुमडून

सातारा, रविवार दुपार

चि. मुग्धास,
अनेक आशीर्वाद.

परवा तुझा फोन आला तेव्हा गॅसवर दूध होतं, म्हणून नुसतं "बरं झालं हो" म्हणून ठेवला. आता निवांत लिहिते. तुला मुलाखती घ्यायला बसवणार, त्याआधी पूर्वग्रहांवर दोन तासांचं ट्रेनिंग झालं, आणि तू म्हणालीस, "आई, मला त्याची काही गरज नव्हती. आपल्या घरात तसलं कधी नव्हतंच." ऐकून आधी बरं वाटलं आणि मग दिवसभर काहीतरी टोचत राहिलं.

वरची खोली जूनपासून रिकामी आहे, तुला माहीत आहे. गेल्या महिन्यात एकाच सकाळी दोन फोन आले. पहिला एका बँकेतल्या मुलाचा. नाव सांगितलं, मी विचारलं, "मूळचे कुठले?" त्याने गाव सांगितलं, मी म्हटलं, "या की संध्याकाळी, बघून जा." अर्ध्या तासाने एका नर्स मुलीचा. बोलणं स्वच्छ, भाडं मान्य, डिपॉझिट मान्य. तिनं पूर्ण नाव सांगितलं आणि मी म्हटलं, "अजून आमचं ठरलं नाही गं. कळवते." फोन ठेवला. बाबा पेपर वाचत होते. पेपर खाली न घेताच म्हणाले, "काय ठरायचं राहिलंय?"

मला उत्तर देता येईना. काहीच ठरायचं राहिलेलं नव्हतं. वाक्य तोंडातून आधी गेलं होतं. आडनाव काय होतं ते इथे लिहीत नाही, कारण लिहिलं तर तूही मनात काहीतरी मांडशील. अन् "मूळचे कुठले?" हा आपला गोड प्रश्न कशासाठी असतो, ते आपल्याकडच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे.

मी, म्हणजे कोण? दरवर्षी ७ नोव्हेंबरला वर्गात उभं राहून सांगणारी बाई, की १९०० साली याच तारखेला आपल्या साताऱ्यातल्या शाळेत, आताच्या प्रतापसिंह हायस्कूलमध्ये, भिवा नावाच्या मुलाचं नाव दाखल झालं आणि पुढे ते बाबासाहेब झाले. कर्मवीर अण्णांच्या बोर्डिंगात सगळ्या जातींची मुलं एका पंगतीत जेवायची, हेही मी किती रंगवून सांगायचे. सांगताना कधी कधी डोळ्यात पाणी यायचं, ते खोटं नव्हतं. फोनवरचं ते वाक्यही माझंच.

दुसऱ्या दिवशी मी तिला फोन केला. "मिळाली काकू मला दुसरीकडे," म्हणाली. आवाजात राग नव्हता. सवयीचं असावं, तेच जास्त लागलं.

तुम्हाला ट्रेनिंगमध्ये दाखवलं की नाही माहीत नाही, पण आपल्याकडचाच एक अभ्यास आहे. सुखदेव थोरात आणि पॉल अटेवेल यांनी पेपरातल्या नोकरीच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले, फरक फक्त नावांत. दलित आणि मुस्लिम नावांच्या अर्जांना बोलावणी कमी आली. २००७ मध्ये ते छापून आलं. ते अर्ज बाजूला ठेवणारेही माझ्यासारखेच असतील, सभ्य, पेपर वाचणारे. आपल्याकडे कुसळ-मुसळाची म्हण आहेच. एमिली प्रोनिन नावाच्या मानसशास्त्रज्ञ बाईंनी २००२ मध्ये तेच लोकांना विचारून पाहिलं. बहुतेकांचं म्हणणं, इतरांमध्ये पूर्वग्रह असतात, माझ्यात त्यामानाने कमी. तुझं फोनवरचं वाक्य आठवलं ना?

तू मागे पाठवलेल्या लिंकवरची, मनातले छुपे पूर्वग्रह मोजणारी ती चाचणीही दिली, शब्द आले की पटापट ई नाहीतर आय दाबायचं ती. पुरुष-करिअर, बायका-घर ही जोडी माझ्या बोटांना सोपी गेली. छत्तीस वर्षं नोकरी केलेल्या बाईच्या बोटांना! आठवड्याने पुन्हा दिली तर निकाल थोडा वेगळा आला. ती १९९८ पासून चालू आहे, पण एकेका माणसाचं निदान करायला ती वापरू नका, असं करणारेच सांगतात. तेव्हा तिच्यावर फार विसंबू नकोस. पाहुणे आले की पाणी आणायला मी कायम तुला उठवलं, दादाला नाही, हे तू नववीत असताना मला सुनावलं होतंस. ती चाचणी जास्त खरी होती.

आता कामाचं सांगते. नोकरीला लागून पाच-सहा वर्षं झाली असतील. सहामाहीचे भूमितीचे पेपर वाटले. मागच्या बाकावरचा एक मुलगा दोन पेपर घेऊन टेबलाशी आला, एक त्याचा, एक पहिल्या नंबरच्या मुलीचा. प्रमेय तेच. सिद्धतेत एका पायरीपुढे कंसात 'सामाईक बाजू' हे कारण लिहायचं दोघांचंही राहिलेलं. तिला चारपैकी चार, त्याला अडीच. "बाई, तिच्यात पण नाहीये," एवढंच म्हणाला. तिच्या पेपरात माझ्या डोळ्यांनी ते कारण वाचलं होतं गं, कागदावर नसताना. अक्षर मोत्यासारखं, समास आखलेला, नाव ओळखीचं. याचाही अभ्यास जुना आहे. १९२० मध्ये थॉर्नडाइक नावाच्या मानसशास्त्रज्ञाने दाखवलं की अधिकाऱ्यांना सैनिकांचे वेगवेगळे गुण वेगवेगळे मोजायला सांगितले, तरी एका बाबतीत चांगला वाटलेला सगळ्यातच चांगला ठरतो.

मी त्याचे गुण वाढवले, तिचा अर्धा कापला, ती रडली. त्या दिवसापासून पेपर तपासायला घेताना आधी सगळ्या गठ्ठ्याचा नावाचा कोपरा दुमडून ठेवायचे. बोर्डाच्या उत्तरपत्रिकेवर नाव नसतंच, मग घरच्या परीक्षेत का असावं? आणि एका मुलाचा अख्खा पेपर न तपासता सगळ्यांचा पहिला प्रश्न, मग सगळ्यांचा दुसरा. वेळ जातो. स्टाफरूममध्ये हसायचे. अक्षर मात्र दुमडता येत नाही, तिथे मी शेवटपर्यंत फसत असणार.

तुझ्या मुलाखतीत कोपरा कसा दुमडायचा ते तुझं तू बघ. मला सुचतं ते असं, की काय हवंय ते आधी कागदावर लिही, सगळ्यांना तेच प्रश्न त्याच क्रमाने विचार, आणि शेजारच्या साहेबाशी बोलायच्या आधी गुण टाकून मोकळी हो. एखादी मुलगी आली आणि म्हणाली, "मी साताऱ्याची," तर जास्त जप. आपण कुणाचा द्वेष करत नाही याची खात्री असते, पण आपल्या माणसाला चहा विचारतो, धीर देतो, अडखळली तर शब्द पुरवतो. बाहेरच्याला तो शब्द कोण पुरवणार?

खोली अजून रिकामीच आहे. बँकेतला मुलगा आलाच नाही. मी फोनशेजारी कागद चिकटवलाय: भाडं, डिपॉझिट, किती माणसं, कधीपासून. चारच प्रश्न, गाव नाही. काल बघते तर बाबांनी खाली पेन्सिलने पाचवा घातलाय, "मांसाहार करता का?" स्वतः रविवारी सकाळी पिशवी घेऊन मटणाच्या रांगेत उभे असतात! मी खोडला. ते काही बोलले नाहीत, पण आज रांगेत जायला मलाच पाठवलं.

कंदी पेढे दादाबरोबर देते. सगळे ऑफिसात वाटू नकोस.

तुझी,
आई