आई, त्या फोटोतल्या वाडग्याबद्दल

आई-बाबा,

व्हॉट्सॲपवर एवढं लांब लिहिलं की बाबा अर्ध्यातच अंगठा टाकून मोकळे होतात, म्हणून ईमेल करतेय आणि दादाला मोठ्या अक्षरात प्रिंट काढून द्यायला सांगितलंय. बाबा, आईला नीट वाचून दाखवा, मधलं काही गाळू नका. गाळलंत तर मला कळतं.

आधी त्या फोटोचं. वहिनीचा काही दोष नाही, स्टेटसला मीच टाकला होता आणि तुमच्यापासून लपवायचं विसरले (म्हणजे आजवर लपवत होते हे पण आता कळलंच, बरं झालं एका अर्थी). त्याला रामेन म्हणतात, जपानी नूडल्स घातलेलं सूप. आणि हो आई, सूप डुकराच्या हाडांचंच असतं, वरचे ते दोन काप पण त्याचेच. तू फोनवर नुसतं "बरं" म्हणालीस आणि फोन बाबांकडे दिलास. ते "बरं" मी दोन आठवडे ऐकतेय.

मी सांगते कसं झालं ते. पहिले चार महिने मी खरंच कुकर लावत होते, आमटी-भात, अंडी, कधी चिकन. पण नाईट असली की संध्याकाळी साडेचारला म्हाताऱ्यांच्या होममध्ये शिरायचं ते सकाळी साडेनऊला बाहेर, रात्रभर कुणाला उठवा, कुणाचे कपडे बदला, बेल वाजली की पळा. तिथून घरी येऊन कांदा चिरायचा म्हटलं की रडूच यायचं, कांद्याआधीच. ब्रेड खाऊन झोपायची मी, हे तुम्हाला सांगितलं नव्हतं. मग सुटल्यावर रामेनच्या दुकानात जायला लागले. नुसत्या भाज्यांचं मागवायचं म्हणशील तर वरून कितीही कोबी घातला तरी खालचं पाणी हाडांचंच, आणि ह्या भागात तर डुकराच्याच हाडांचं. गुरुवार मात्र अजून पाळते. गुरुवारी त्या गल्लीनेच जात नाही, उगाच वास येतो.

दुकान म्हणजे काय, दहा स्टुलं आणि एक लांब फळी. फुकुओकात नागाहामा म्हणून भाग आहे, तिथे मासळी बाजार असल्यामुळे त्या बाजूची काही दुकानं भल्या सकाळीच उघडतात, म्हणून नाईटवाल्यांची सोय होते. दारातच मशीन, नोट घालायची, बटण दाबायचं, चिठ्ठी येते, ती काउंटरवर ठेवायची. पहिल्या दिवशी मला वाचता येईना, सगळ्यात स्वस्त बटण दाबलं, तर ती नुसत्या जादा नूडल्सची चिठ्ठी निघाली! सूप नाही, वाडगा नाही, काही नाही. मालकांनी चिठ्ठी बघितली, माझ्या तोंडाकडे बघितलं, हसले आणि वरचे पैसे घेऊन पूर्ण वाडगा दिला. आता ते फक्त "काता?" एवढंच विचारतात. म्हणजे नूडल्स किती कडक हव्यात. यावा म्हणजे मऊ, मग साध्या, मग काता, त्याच्यावर बारीकाता, आणि त्याच्याही वर हारीगाने म्हणजे चक्क तार. मला पहिल्यांदा ते बारीक काटा असंच ऐकू आलं होतं. मी आता बारीकातावर आहे.

आपल्याकडे मिसळीला कट संपला की परत वाढतात आणि ब्रेड मोजून देतात ना, इथे बरोबर उलटं. सूप एकदाच, नूडल्स परत मागायच्या, त्याला काएदामा म्हणतात. बाजारातल्या माणसांना लिलावाच्या घाईत बसून खायला वेळ नसायचा, म्हणून नूडल्स एकदम बारीक केल्या, लगेच शिजतात, पण तेवढ्याच लगेच फुगतात पण. म्हणून एका वेळी थोड्याच घालायच्या, संपल्या की परत. आपण सूप राखून ठेवायचं, बाबांसारखं आधीच सगळं ओरपायचं नाही.

आणि सूप कसं दिसतं सांगू? आई, हसू नको. पांढऱ्या रश्श्यासारखं. डिट्टो. नारळाचं दूध नाही, काजू नाही, खसखस नाही, नुसती हाडं तासन् तास खळाखळा उकळून चरबी पाण्यात अशी मिसळते की पाणी दुधासारखं होतं. सांगतात की आधी हे सूप एवढं पांढरं नसायचं. 1947 साली इथून जवळच कुरुमे गावात एका दुकानात भांडं आचेवर जास्त वेळ राहिलं, उकळून उकळून पांढरं झालं, टाकून देण्याआधी चव घेतली तर बरं लागलं. म्हणजे बाबा म्हणतात तसंच, विसरभोळ्या माणसाच्या हातूनच चांगला रस्सा होतो. (आई, हे त्यांनी तुझ्याबद्दल म्हटलेलं नाही.)

नूडल्समध्ये कणकेबरोबर एक खार घालतात, आपल्या पापडखारासारखाच, त्याने त्या पिवळसर होतात आणि दाताखाली टणक लागतात. पहिला घास घेतला आणि त्या खाराचा अगदी हलका वास आला, तर मला एकदम आपली गच्ची आठवली. मे महिना, तू आणि काकू पापड लाटताय, आणि मी लाट्या चोरून तेलात बुडवून खातेय, तू म्हणतेस पोटात दुखेल आणि वर स्वतःच अजून एक हातावर ठेवतेस. जपानमध्ये, सकाळी दहा वाजता, युनिफॉर्मवर जॅकेट घालून, डोळ्यात पाणी. मालकांना वाटलं तिखट लागलं, त्यांनी पाण्याचा जग पुढे सरकवला. तिखट कसलं आई, ते लाल आलं आणि मोहरीच्या पाल्याचं लोणचं घालून पण आपल्या सकाळच्या पोह्यांएवढंसुद्धा तिखट नसतं.

बाबा, तुमच्यासाठी खास. इथे भुरके मारून खातात. जोरात. टाय घातलेली माणसं पण. तीस वर्षं आईची बोलणी खाल्लीत तुम्ही, "पाहुण्यांसमोर तरी नको" म्हणून, ती सगळी इथे वसूल होतील.

आमच्या मजल्यावर एक आजोबा आहेत, 88 वर्षांचे, त्यांचा सगळा जन्म त्याच मासळी बाजारात गेला. आता त्यांना मिक्सरमधून काढलेलं खावं लागतं, पाण्यात पण पावडर घालून ते दाट करावं लागतं, नाहीतर ठसका लागतो. नूडल्स बंदच. पण माझी नाईट असली की पुढच्या ड्यूटीला ते पहिलं विचारतात, गेलीस का, आणि काय सांगितलंस. मी म्हणते बारीकाता. मग मान हलवतात. एकदा मी गंमत म्हणून यावा म्हटलं तर भिंतीकडे तोंड करून झोपले, जेवेपर्यंत बोलले नाहीत. त्यांची मुलगी तोक्योत असते, दोन महिन्यांतून एकदा येते. आधी मला तिचा राग यायचा. आता येत नाही. जाऊ दे.

तर आता जे सांगायचंय ते. मी परीक्षेचा फॉर्म भरलाय. केअरगिव्हरची इथली सरकारी परीक्षा, माझ्यासारख्यांना तीन वर्षं काम झाल्यावरच देता येते, त्याचा कोर्स पण मी केला, तुम्हाला "ट्रेनिंग आहे" म्हणत होते ते तेच. जानेवारीच्या शेवटी पेपर आहे. आत्ताच्या व्हिसावर पाच वर्षं झाली की परत यावं लागतं, पास झाले तर व्हिसा पुढे वाढवत राहता येतो. म्हणजे मी अजून राहतेय. त्या फळीसमोर बसूनच ठरवलं, काएदामा यायच्या आत, आणि तिथून थेट पोस्टात गेले. तुम्हाला विचारून ठरवलं नाही. विचारलं असतं तर तुम्ही "तुला योग्य वाटेल ते कर" म्हणाला असतात आणि मला जमलं नसतं.

पैशासाठी नाही फक्त. पैसा आहेच, घराचं तुम्हाला माहितीच आहे. पण मला हे काम येतं, आणि इथे कुणी "पोरीनं असलं काम करायचं?" म्हणत नाही. आत्यासाठी नाही लिहिलं हे. बरं, थोडं आत्यासाठी.

म्हणून दिवाळीला येणं होत नाही. फेब्रुवारीत येते, पंधरा दिवस, सुट्टी मंजूर आहे. पण आई, मी येईपर्यंत मोतीबिंदू थांबवून ठेवायचा नाही. मला दादानं सांगितलं तू "ती आली की बघू" म्हणतेस. ऑपरेशन ह्याच महिन्यात, दादा सुट्टी काढून येतोय, ड्रॉप्स वेळच्या वेळी, डोक्यावरून आंघोळ डॉक्टर सांगेपर्यंत नाही, चुलीपुढे बसायचं नाही, आणि "एवढंसं तर आहे" म्हणून खाली वाकून केर काढायचा नाही. ड्रॉप्सचं वेळापत्रक मी फ्रीजवर लावायला पाठवलंय. बाबांनी टिक करायची.

बाबा, तुमचं मीठ. रामेनच्या एका वाडग्यात सूपासकट पाच-सहा ग्रॅम मीठ असतं, म्हणजे डॉक्टर तुम्हाला दिवसभराचं जेवढं सांगतात तेवढं एका बैठकीत. मी अर्धं सूप ठेवते, इथले बीपीवाले म्हातारे पण ठेवतात, कुणी नावं ठेवत नाही. तसंच तुम्ही रविवारी तांबडा-पांढरा दोन-दोन वाट्याच घ्यायच्या, तिसरी मागायची नाही आणि आईनं वाढायची नाही. पापड दोघांत एक. आणि पुढच्या पावसाळ्यात पंचगंगेचं पाणी चढायला लागलं की भांडी माळ्यावर टाकत बसायचं नाही, गाडीत बसायचं आणि दादाकडे पुण्याला. 2019 ला मी होते घरात. आता नाहीये.

पास झाले की तुम्ही दोघं इकडे यायचं. मुंबईहून बँकॉक, तिथून फुकुओका, विमानतळ गावातच आहे, मेट्रोनं दोन स्टेशनांवर हाकाता, म्हणजे इथलं मोठं रेल्वे स्टेशन. स्टुलाला पाठ नाही, पण बाबांना भिंतीकडची जागा देतील, मी सांगून ठेवते. आई, तू डुकराचं खायचं नाहीस, मी आग्रह करणार नाही, शप्पथ. तुझ्यासाठी शेजारी उडोनचं, म्हणजे जाड नूडल्सचं, दुकान आहे. इथली उडोन एकदम मऊ असते, वर एका मुळाची भजी, आणि पाणी समुद्री शेवाळाचं आणि मासळीचं. मासळी तुला चालते. खाऊन झालं की बाबांशेजारी येऊन बस, आणि भुरक्यांवर काही बोलायचं नाही.

रविवारी फोन करते, तुमचे सकाळचे आठ. आई, फोन बाबांकडे द्यायचा नाही.

तुमची,
चिमी

ता.क. कांदा-लसूण चटणी संपत आलीय. दादा पार्सल करणार असेल तर दोन पिशव्यांत घालून पाठव, मागच्या वेळी तेल सुटून सगळ्या स्वेटरना वास लागला होता. धुतले नाहीत अजून.