होल्स्टरचे काम शिकवणाऱ्या गुरुजींस आभारपत्र

आदरणीय गुरुजी,

सविनय नमस्कार.

चामड्याची होल्स्टर, म्हणजे पिस्तूल ठेवायची म्याने, हाताने घडवण्याचे काम मी आज स्वतंत्रपणे करू शकतो, ते आपण आपला वेळ, आपली हत्यारे आणि प्रत्येक कृतीमागचे कारण इतक्या मोकळेपणाने दिलेत म्हणून. हे आभार खासगीत मानता आले असते. परंतु या कामात नव्याने येणाऱ्यांनाही आपल्या शिकवण्याचा उपयोग व्हावा, या इच्छेने हे पत्र सर्वांसमोर लिहीत आहे.

झाडांच्या सालीतील टॅनिनने कमावलेले चामडेच घ्यावे, एवढे सांगून आपण थांबला नाहीत. असे चामडे भिजल्यावर मऊ होते, साच्याचा आकार घेते आणि वाळल्यावर तो धरून ठेवते, तर क्रोमने (क्रोमियमच्या क्षारांनी) कमावलेले चामडे लवचीकच राहते, हे आपण दोन्हींचे तुकडे एकाच साच्यावर बसवून दाखवलेत. तीन ते साडेतीन मिलिमीटर जाडीच्या चामड्यावर माझा हात बसला तो तेव्हापासून.

सर्वांत अधिक ऋण मात्र सुरक्षिततेच्या शिकवणीचे आहे. पिस्तूल होल्स्टरमध्ये असताना चापाभोवतीची कडी पूर्ण झाकलेली असलीच पाहिजे आणि पिस्तूल बाहेर काढल्यावरही होल्स्टरचे तोंड उघडे राहिले पाहिजे, या दोन गोष्टींत आपण कधीही सवलत दिली नाहीत. तोंड मिटले तर ते उघडण्यासाठी दुसरा हात पुढे येतो आणि नळी त्याच हाताकडे वळण्याचा धोका असतो. मऊ पडलेले चामडे आत दुमडून चापावर दाबले गेले, तर पिस्तूल आत सारतानाच गोळी सुटू शकते. तोंडाशी चामड्याचा दुसरा थर का शिवायचा, हे एवढ्या स्पष्टीकरणानंतर पुन्हा विचारावे लागले नाही. माझ्या मते हा थर नसलेले मऊ होल्स्टर कितीही देखणे असले तरी विकू नये.

शिवणीचेही तसेच. मेण लावलेल्या एकाच दोऱ्याच्या दोन टोकांना दोन सुया ओवून, आरीने पाडलेल्या प्रत्येक छिद्रातून दोन्ही बाजूंनी टाका घेतला, की एका बाजूचा दोरा झिजून तुटला तरी दुसऱ्या बाजूचा शिवण धरून ठेवतो. काम संथ होते, पण ज्या वस्तूवर शस्त्राचा भार रोज पडतो तिच्यासाठी ते योग्यच आहे.

ओल्या चामड्याला आकार देण्यासाठी आपण आपले पिस्तुलांचे प्लॅस्टिकचे नमुने मला वापरू दिलेत, त्याबद्दल विशेष आभार. त्यामुळे खऱ्या शस्त्राला न ओलावा लागतो, न ते भरलेले असण्याची शंका उरते. हाडाच्या गुळगुळीत हत्याराने कडीभोवतीची खाच दाबत असताना पिस्तूल किती घट्ट बसेल हे बोटांना कळू लागते, आणि ते कळणे मला आपल्या शेजारी बसूनच शक्य झाले. चामडे तीव्र आचेवर वाळवू नये, ते कडक होऊन ठिसूळ होते, ही सूचना मी आजही पाळतो.

सध्या एका डावखुऱ्या ग्राहकासाठी होल्स्टर करीत आहे. कागदी आराखडा उलटा करून घेतला आहे. परंतु पिस्तुलाच्या दोन्ही बाजूंची कळ आणि खटके सारखे नसल्याने चामड्यावरचा उठाव (साच्यावर दाबून घेतलेला आकार) कुठे सैल ठेवावा, याबद्दल आपले मत हवे आहे. आराखडा पत्रासोबत पाठवीत आहे. सवडीने पाहावा, ही विनंती.

आपला कृतज्ञ विद्यार्थी