वस्तरा आणि पट्टा

चि. समीर यास अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेला वस्तऱ्याचा फोटो ताईने मोठा करून दाखवला. पात्याच्या बुडाशी सोलिंगेनचं, पात्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या त्या जर्मन गावाचं, नाव वाचलं आणि फार बरं वाटलं. तुझ्या आजोबांच्या धोकटीतला वस्तरा त्याच गावचा होता. आता तू डसेलडॉर्फला, त्या गावाच्या शेजारीच राहतोस.

सुरुवातीला छान चालला, आता हनुवटीखाली ओढतो, म्हणून धार लावायचा दगड मागवतोय असं लिहिलंस. एवढ्यात मागवू नकोस. तुझी धार गेलेली नसावी, नुसती वळली असेल. धारेचं टोक इतकं पातळ असतं की दाढी करताना ते जागोजाग झुकतं, शिवाय पाण्या-साबणाने त्यावर डोळ्यांना न दिसणारा गंज धरतो. चामड्याचा पट्टा ते टोक सरळ करतो आणि घासून स्वच्छ करतो. दगड मात्र पोलाद खातो. नीट पट्टा मारणाऱ्याला दगडाची गरज काही महिन्यांनीच पडते, आणि वस्तरा नातवापर्यंत टिकतो तो त्यामुळेच.

पट्ट्याला कापडाची बाजू आहे ना? आधी कापडावर वीसेक फेरे, मग चामड्यावर चाळीस-पन्नास. जाऊन-येऊन एक फेरा धरायचा. हे दाढीच्या आधी. कापडाने मळ निघतो, चामड्याने टोक बसतं. चामड्यावरून आधी तळहात फिरवून घे, धूळ निघते आणि हाताची ऊबही लागते.

पट्ट्याचं एक टोक भिंतीच्या हुकाला अडकव, दुसरं डाव्या हाताने ताठ ओढून धर. ताठ म्हणजे खरंच ताठ. पट्टा मधे झोळ खाल्ला की चामडं धारेभोवती वळतं आणि टोक गोल होतं. नवशिक्याचा वस्तरा बोथट होतो तो बहुतेक असाच. पातं आडवं ठेव: पाठ आणि धार, दोन्ही एकदम चामड्याला टेकलेली. ती जाड पाठ उगाच दिलेली नाही. तिच्यामुळेच कोन आपोआप बरोबर राहतो, तुला तो मोजावा लागत नाही. मग पाठ पुढे आणि धार मागे अशी ओढ. गालावर धार पुढे चालते, पट्ट्यावर ती नेहमी मागून येते. दाब द्यायचा नाही, वस्तऱ्याचं स्वतःचं वजन पुरतं.

खरी मेख पट्ट्याच्या टोकाला पोचल्यावर आहे. तिथे पातं उचलायचं नाही. पाठ चामड्याला टेकलेलीच ठेवून धार वरून पलीकडे वळवायची आणि परत यायचं. मनगट वळवू नकोस. वस्तऱ्याची मान, म्हणजे पातं आणि मूठ यांच्यामधला भाग, अंगठा आणि तर्जनीत धरून, जपमाळेचा मणी फिरवावा तशी फिरव. मनगट वळलं की धार आधी टेकते आणि चामडं कापलं जातं. पट्टा पात्याच्या लांबीपेक्षा अरुंद असेल तर थोडं तिरकं ओढ, म्हणजे मानेकडच्या टाचेपासून पात्याच्या टोकापर्यंत सगळी धार घासली जाईल. आणि सावकाश! दुकानात भराभर पट्टा मारणारे कारागीर तू पाहिलेस, तो वेग वर्षांच्या सवयीने हाताला येतो. आवाज ऐकत जा. जाताना आणि येताना एकसारखा आला की समजायचं, पातं सपाट आहे.

त्या हिरव्या पेस्टची वडी पट्ट्याबरोबर मिळाली असेल, तर ती या पट्ट्याला लावू नकोस. ती क्रोमियम ऑक्साइडची असते आणि थोडं का होईना, पोलाद घासते. हवी तर वेगळ्या पट्टीवर वापर, तीही कधीतरी.

इतकं करूनही ओढला तर मात्र दगडाचं काम. ताईने एक वाचून दाखवलं: २०२० साली अमेरिकेतल्या एमआयटीच्या संशोधकांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं की पोलादापेक्षा सुमारे पन्नास पट मऊ असलेला केसही धारेचे बारीक टवके काढतो. टवका पट्ट्याने भरत नाही. तसं झालं तर सोलिंगेनलाच जाणत्या माणसाकडे दे. गेलास की ग्रेफ्राथ भागातलं पात्यांचं संग्रहालयही बघून ये.

दाढी झाली की पातं धुऊन पूर्ण कोरडं कर, कापडावर चार-पाच फेरे मार आणि न्हाणीघराबाहेर ठेव. वाफेने धारेला गंज चढतो. काही दिवस वापरणार नसशील तर शिलाई मशीनच्या तेलाचं एक बोट फिरव.

आणि तो वस्तरा फक्त तुझ्या गालासाठी. मित्राने मागितला तरी द्यायचा नाही. रक्तातून कावीळ, एचआयव्ही पसरतात म्हणून दुकानात आपण प्रत्येक गिऱ्हाईकाला नवं अर्धं ब्लेड लावायला लागलो. पट्ट्याचा आवाज दुकानातून गेला याचं मला वाईट वाटलं, पण ते करायलाच हवं होतं, आजही माझं तेच मत आहे. तू घरी एकट्यासाठी पुन्हा पट्टा टांगलास, याचा आनंद शब्दांत लिहिता येत नाही.

दिवाळीला येताना वस्तरा चेक-इनच्या बॅगेत टाक, हातातल्या बॅगेत विमानतळावर काढून घेतील. पट्टाही आण. तुझा हात कसा चालतो ते मला बघायचं आहे.

तुझा,
अप्पा