टेप सध्या माझ्याकडेच राहू देत

ती. आई-बाबांना,
सा. न.

कॅमेरा आणि टेपांची पिशवी एवढ्यात परत पाठवणार नाहीये, हे आधीच सांगून टाकते. बाबा, चिडू नका. टेप नुसत्या पडून राहिल्या तरी खराब होतात, आणि त्या चालवणारा कॅमेरा एकच उरलाय. त्याचं टेप वाचणारं हेड गेलं की सगळंच बसलं. तुम्ही म्हणालात, यूएसबीची वायर आहे की! आहे, पण आपल्या कॅमेऱ्यात तिच्यातून फक्त कार्डावरचे फोटो येतात. टेपवरचं चित्र जसंच्या तसं कॉम्प्युटरवर उतरवायला फायरवायर नावाची वेगळी वायरच लागते, आणि तासाभराच्या टेपला तासच जातो. मग मीही बघत बसते. चित्रात आम्ही असलो तरी आवाज सगळा तुमचाच, "इकडे बघ, हात हलव." मी सायकलवरून आपटले तरी तुमचा कॅमेरा हलला नाही, आईच पळत आत आली!

तुम्हाला नुसते फोटो आणि मागे गाणं हवं होतं. तो स्लाइडशो करून डीव्हीडीवर घातलाय, पण मध्येमध्ये व्हिडिओचे तुकडेही घातलेत. तिथे गाणं अगदी बारीक केलंय, आजी बोलतेय ना. एका टेपचे 13 जीबी होतात आणि डीव्हीडीत मावतात 4.7, म्हणून डिस्कवर चित्र थोडं दाबावं लागतं. मूळ फायली मात्र दोन वेगवेगळ्या हार्डडिस्कवर आहेत, त्यातलं काही गेलेलं नाही.

आई, काकांचा भाग मी कापला नाही. स्लाइडशोत तो नाही, वेगळा ठेवलाय, मेनूत सगळ्यात खाली. आपोआप लागणार नाही, नको वाटलं तर तिकडे जाऊच नकोस. तुम्हाला विचारलं असतं तर दोघंही "बघू" म्हणाला असतात. ताईच्या मुलांनी काकांना कधी पाहिलेलंच नाही गं. आणि त्यात ते तुलाच हसवतायत.

मेनूची अक्षरं मोठ्ठी केलीत, बाबांना चष्मा शोधायला नको. चित्राच्या दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या दिसतील, त्या असू देत. टीव्हीचं सेटिंग बदलून चित्र ताणलंत तर आपण सगळे जाडे दिसू. डिस्क कडेनं धरायची. पुसायची झाली तर मधून बाहेर सरळ, गोल गोल नाही. वर स्टिकर चिकटवायचा नाही आणि बाबा, बॉलपेननं तारखा तर अजिबात घालायच्या नाहीत. एका बैठकीत सगळं संपवू नका. आई, पाय स्टुलावर घेऊन बस. बाबांची रात्रीची गोळी आधी, डिस्क नंतर.

एका टेपवर काहीच लिहिलेलं नाही. कुणाच्या तरी घराच्या पायऱ्या, हिरवं दार आणि ताईचा पाठमोरा फ्रॉक. ते घर कुणाचं? रविवारी फोन करते, तोवर आठवून ठेवा. त्याशिवाय मेनूत नाव काय घालू?

तुमची,
धाकटी