आकडा छापा, पण शंटही छापा

संपादक महोदय,

आपल्या विज्ञान पुरवणीत बॅटरीवरील उपकरणांविषयी येणाऱ्या मजकुरात ‘हे उपकरण अमुक मिलीअँपिअर घेते’ असे वाक्य हमखास असते; तो आकडा कसा मोजला, हे मात्र क्वचितच लिहिलेले असते. विद्यार्थ्यांना रोज सेन्सर बोर्ड जोडून देणे हेच माझे काम असल्याने त्याविषयी लिहावेसे वाटले.

प्रवाह आणि शक्ती मोजणारा चाचणी बोर्ड संगणकाला जोडून सॉफ्टवेअर उघडले, की पडद्यावर आकडे धावू लागतात आणि चिप प्रवाहच मोजते आहे, असा समज होतो. प्रत्यक्षात ती मोजते दोन व्होल्टेज: एक पुरवठ्याचे आणि दुसरे शंटच्या, म्हणजे प्रवाहाच्या वाटेत बसवलेल्या चिमुकल्या रोधाच्या, दोन टोकांमधले. अँपिअर ही त्यापुढची आकडेमोड, आणि ती आपण सांगितलेल्या शंटच्या किमतीवर चालते. आयएनए२२६ या चिपमध्ये शंट १० मिलीओहमचा आणि प्रवाहाची पायरी, म्हणजे आकडा ज्या लहानात लहान टप्प्याने बदलतो तो टप्पा, ०.२५ मिलीअँपिअरची धरली, तर कॅलिब्रेशन रजिस्टरमध्ये, म्हणजे या आकडेमोडीचा गुणक ठेवण्याच्या चिपमधल्या जागेत, २०४८ हा आकडा लिहावा लागतो. वीज जाऊन आली की हे रजिस्टर शून्यावर येते. मग व्होल्टेज अगदी बरोबर दिसते, पण प्रवाह आणि शक्ती शून्य. ‘सर, चिप जळली’ ही तक्रार मी कितीदा ऐकली असेल, आणि दर वेळी उपाय एकच: सॉफ्टवेअरमधून मांडणी पुन्हा लिहिणे.

शून्य निदान दिसते तरी. एकदा जास्त प्रवाहासाठी मी १० मिलीओहमचा शंट काढून २ मिलीओहमचा बसवला आणि सॉफ्टवेअरमधली किंमत बदलायला विसरलो. ५ अँपिअरचा भार पडद्यावर १ अँपिअर दिसत होता, आलेख गुळगुळीत, कुठेही इशारा नाही. चूक पकडली ती मालिकेत लावलेल्या साध्या मल्टिमीटरने. शंटची किंमत आधीच भरून ठेवण्याऐवजी सॉफ्टवेअरने तो रकाना कोराच ठेवावा आणि तो भरेपर्यंत अँपिअर दाखवूच नये, असे माझे तेव्हापासून ठाम मत आहे.

सरासरीचेही तसेच. आकडा नाचू नये म्हणून विद्यार्थी १०२४ नमुन्यांची सरासरी निवडतात. दोन्ही व्होल्टेजच्या मापनाला प्रत्येकी १.१ मिलीसेकंद धरले, तर एक आकडा यायला सव्वादोन सेकंद लागतात. बॅटरी किती तास टिकेल, हे काढायला ते उत्तमच, पण उपकरणातला बिनतारी संदेशाचा रेडिओ चालू होताना काही मिलीसेकंद उसळणारा प्रवाह त्यात बुडून जातो आणि ‘कमाल प्रवाह’ म्हणून भलताच आकडा वहीत उतरतो.

तेव्हा यापुढे असा आकडा छापताना शेजारी शंटची किंमत आणि सरासरीचे नमुने द्यावेत, ही विनंती. त्यासाठी अर्धी ओळ पुरेल.

आपला,
प्रयोगशाळेतील एक वाचक