वजनगट सांभाळता, मग ताकदीचं काय?

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

पारलिंगी (ट्रान्सजेंडर) खेळाडूंना महिलांच्या स्पर्धेत उतरू द्यावं का, या वादात सगळे खेळ एकाच दावणीला बांधले जातात. धावण्याच्या शर्यतीत अन्याय झाला तर पदक जातं. बॉक्सिंग, एमएमए (मिश्र मार्शल आर्ट्स) किंवा कुस्तीत मार बसतो तो डोक्याला, मानेला, डोळ्याला. त्यामुळे या खेळांचा नियम इतरांपेक्षा कडक असावा, असं माझं मत आहे.

पॅरिस ऑलिंपिकमधली विनेश फोगाटची ती रात्र आठवा. 50 किलो गटाची अंतिम फेरी गाठल्यावर रात्रभर वजन उतरवण्याची धडपड चालली. घाम काढला, केस कापले, कपडेसुद्धा आखूड केले. सकाळी काट्यावर 100 ग्रॅम जास्त भरले आणि ती बाद झाली. क्रीडा लवादाकडेही दाद लागली नाही. आपण सगळेच तेव्हा चिडलो होतो, पण वजनगट उगाच आलेले नाहीत. सारख्या वजनाच्या दोन खेळाडूंच्या अंगात साधारण सारखाच जोर असणार, हे गृहीत धरून ते पाडले आहेत.

पुरुषाच्या शरीरानिशी वयात आलेल्या खेळाडूच्या बाबतीत नेमकं हेच गृहीतक लंगडं पडतं. ठोसा नुसत्या मुठीतून निघत नाही. तो टाचेतून उठतो, कंबरेत वळतो आणि खांद्यातून सुटतो. खांद्याची रुंदी, हाताची लांबी, हाडांची जाडी एकदा टेस्टोस्टेरॉन या पुरुषी हार्मोनने घडवली की नंतरच्या गोळ्या-इंजेक्शनांनी ती मागे जात नाही. हिमोग्लोबिन काही महिन्यांत उतरतं, हे खरं. पण 2021 साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यानुसार वर्षभर हार्मोन दाबून ठेवूनही स्नायू घटतात ते साधारण 5 टक्के. आणि मुळातला फरक किती? अमेरिकेतल्या युटा विद्यापीठाच्या संशोधकांनी ठोशासारख्या हालचालीतली शक्ती मोजली, तेव्हा पुरुषांची सरासरी महिलांपेक्षा 162 टक्के जास्त निघाली. अर्थात हे पुरुष हार्मोन उपचार घेतलेले नव्हते आणि प्रत्यक्ष रिंगमध्ये लढणाऱ्या पारलिंगी महिलांवर थेट अभ्यास जवळपास नाहीच. शंकेला जागा आहे, मान्य. पण ती फिटेपर्यंत धोका कोणी पत्करायचा? समोर उभ्या असलेल्या बाईने तो का पत्करावा, याचं पटेल असं उत्तर मला अजून कोणी दिलेलं नाही.

फॅलन फॉक्स या पारलिंगी एमएमए खेळाडूचं उदाहरण दोन्ही बाजू आपापल्या सोयीने वापरतात. 2014 मध्ये तिच्याशी लढताना टमिका ब्रेंट्सच्या डोळ्याच्या खोबणीचं हाड मोडलं, असं एक बाजू सांगते. आदल्याच वर्षी अ‍ॅशली इव्हान्स-स्मिथने फॉक्सला हरवलं होतं, असं दुसरी सांगते. एकेका लढतीवरून काहीच ठरत नाही, हाडं इतर महिलांच्या लढतीतही मोडतात. मला खटकतं ते वेगळंच. फॉक्स पारलिंगी असल्याचं 2013 मध्ये उघड झालं, त्याआधी ती व्यावसायिक लढती खेळून बसली होती. 2021 मध्ये अलाना मॅक्लॉफ्लिन ही दुसरी पारलिंगी एमएमए खेळाडू उतरली तेव्हा निदान सगळं आधीपासून जाहीर होतं आणि प्रतिस्पर्धी राजीखुशीने लढली. पण अशी संमती ठरवून घेतलेल्या एखाद्या लढतीत चालते. स्पर्धेत ड्रॉ निघतो. तिथे समोर कोण यावं हे खेळाडूच्या हातात नसतं आणि नकार म्हणजे बाद.

आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने 2021 मध्ये हे ओझं त्या त्या खेळाच्या महासंघावर ढकललं. मग अमेरिकेच्या बॉक्सिंग संघटनेने 2024 मध्ये नियम लागू केला: लिंगबदल शस्त्रक्रिया हवी आणि त्यानंतर चार वर्षं हार्मोनच्या चाचण्या. शस्त्रक्रियेचा आणि ठोशाच्या जोराचा काय संबंध, हे त्यांनाच ठाऊक.

‘मग पुरुषांत खेळा’ म्हणणंही तितकंच सोपं आहे. उपचारांनी ज्यांची ताकद थोडीफार उतरली आहे त्यांना पुरुषांसमोर उभं करणं धोक्याचंच, सुरक्षेचा निकष तिथेही लागतो. खुला गट कागदावर छान दिसतो, पण 2023 मध्ये जलतरणाच्या बर्लिन विश्वचषकात तो ठेवला तेव्हा एकही प्रवेशिका आली नाही. सराव, तंत्राच्या स्पर्धा, पंचगिरी, प्रशिक्षण इथे आडकाठी असण्याचं काहीच कारण नाही. खऱ्या लढतीसाठी मात्र माझ्याकडेही तयार उत्तर नाही. तरी महिलांचा गट हे ते उत्तर नव्हे, एवढं नक्की.

राहता राहिली अल्जेरियाची बॉक्सर इमान खलिफ. तिला या वादात ओढणं सरळसरळ चूक आहे. ती पारलिंगी नाही, मुलगी म्हणूनच जन्मली आणि वाढली. पॅरिस ऑलिंपिकमध्ये तिच्यासमोर अँजेला कारिनीने 46 सेकंदांत माघार घेतली आणि जगभर खलिफला ‘पुरुष’ म्हणून हिणवलं गेलं. टोकियो ऑलिंपिकमध्ये हीच खलिफ केली हॅरिंग्टनकडून हरली होती, तेव्हा कोणाला काही दिसलं नव्हतं. 2023 मध्ये जागतिक स्पर्धा सुरू असतानाच तिला लिंगपात्रतेच्या कारणावरून अपात्र ठरवलं गेलं, त्या निर्णयाला ऑलिंपिक समितीनेच मनमानी म्हटलं.

आता ‘वर्ल्ड बॉक्सिंग’ या आंतरराष्ट्रीय महासंघाने 2025 पासून लिंग तपासणारी जनुकीय चाचणी सक्तीची केली आहे. माझा चाचणीला विरोध नाही, पण तिचा इतिहास विसरू नये. 1985 मध्ये स्पेनची अडथळा शर्यतपटू मारिया होसे मार्टिनेझ-पातिन्यो गुणसूत्र चाचणीत नापास झाली आणि तीन वर्षांनी तिला पुन्हा पात्र ठरवलं, तोवर उमेदीची वर्षं निघून गेली होती. 1996 च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये आठ जणी चाचणीत अडकल्या, पुढच्या तपासणीत आठही जणींना खेळू दिलं. म्हणून चाचणी करायची तर स्पर्धेच्या पुष्कळ आधी, एकदाच करा. अहवाल खेळाडू आणि डॉक्टर यांच्यापलीकडे जाऊ देऊ नका. समुपदेशक हाताशी ठेवा, अपिलाला पुरेसा वेळ द्या, आणि ते चालू असताना नाव फुटलं तर फोडणाऱ्या पदाधिकाऱ्याला घरी बसवा.

आपला,
एक वाचक