पार मीटर उसना देणाऱ्या दादांस

प्रिय दादा,
सप्रेम नमस्कार.

पार मीटर, म्हणजे कोरलला उपयोगी पडणारा प्रकाश मोजायचं यंत्र, परत करण्याआधी हे चार शब्द. पत्र मुद्दाम उघडं ठेवलंय, कारण तुम्ही जे सांगितलंत ते लहान रीफ टँक (खाऱ्या पाण्याची, कोरल म्हणजे प्रवाळ वाढवायची टाकी) मांडणाऱ्या प्रत्येकाच्या कामाचं आहे. दिव्याबद्दल विचारलं की बहुतेक जण वॅट सांगतात. तुम्ही उलट विचारलंत, "कोरल कुठलं, आणि ते दिव्यापासून किती खाली बसणार?" निम्मं काम त्या प्रश्नानेच झालं.

वॅट म्हणजे दिवा वीज किती खातो, एवढंच. लुमेन म्हणजे माणसाच्या डोळ्याला उजेड किती वाटतो. आपला डोळा ५५५ नॅनोमीटरच्या हिरवट-पिवळ्या उजेडाला भरभरून दाद देतो आणि ४५० च्या निळ्याला फारच थोडी. कोरलच्या पेशीत राहणाऱ्या झूझँथेली शेवाळाला मात्र हाच निळा पट्टा सर्वांत जास्त उपयोगी. म्हणजे खोक्यावरचा लुमेनचा आकडा पाहून खरेदी केली की नेमका नको तो दिवा हाती येतो. पाहायचं ते पार: ४०० ते ७०० नॅनोमीटरमधले प्रकाशकण एका चौरस मीटरवर सेकंदाला किती मायक्रोमोल पडतात.

त्यातही तुम्ही दाखवलेली गंमत विसरणार नाही. 'पार-३८' नावाचा बल्ब पाहून लोक हरखतात, पण त्या पारचा या पारशी काडीचा संबंध नाही. तिथे पार म्हणजे परावर्तकाचा प्रकार आणि ३८ म्हणजे बल्बचा व्यास, इंचाच्या आठव्या भागांत. म्हणजे पावणेपाच इंच. त्यात निळे डायोड (एलईडीचे दाणे) असतील तर छोट्या टाकीला तो बल्ब उत्तमच, पण तो नावामुळे नव्हे.

तुमचे ढोबळ आकडे इथे मांडतो. मशरूम नावाच्या कोरलला ३० ते ८० पार पुरतं. झोआंथिड, लेदर, हॅमर, टॉर्च ही मंडळी ८० ते १५० मध्ये खूश. मॉन्टिपोराला १५० ते २५०. अॅक्रोपोरा २५० च्या पुढे मागते, आणि तिच्यासाठी स्वस्तातला दिवा शोधू नये हे तुमचं मत आम्हालाही पटलं. एक तर इतका प्रकाश सगळीकडे सारखा पोचवावा लागतो, आणि तेवढा पोचला तरी चाळीस लिटरच्या टाकीत तिला लागणारी क्षारांची स्थिरता राखणं हे वेगळंच दुखणं.

४० सेंमी लांब, ३० रुंद, ३५ उंच अशा टाकीत सॉफ्ट (कडक सांगाडा नसलेले) कोरल आणि थोडे एलपीएस (मोठ्या पॉलिपचे, कडक सांगाड्याचे कोरल) ठेवायचे तर ३० वॅटच्या आसपासचा बऱ्या डायोडचा दिवा पुरतो, हा तुमचा हिशेब. रोज ९ तास चालला तर महिन्याला आठ युनिट. डायोड बघताना ४५० नॅनोमीटरचे रॉयल ब्लू जास्त, सोबत थोडे ४२० चे जांभळे आणि उरलेले पांढरे, साधारण दोन निळ्यांमागे एक पांढरा. निळा आणि पांढरा वेगवेगळ्या डिमरवर असलेच पाहिजेत. निव्वळ पांढऱ्या ६,५०० केल्व्हिनच्या दिव्यातही सॉफ्ट कोरल वाढतात, कारण पांढरा एलईडी मुळात निळाच असतो, वर पिवळा फॉस्फर फासलेला. फक्त त्यात कोरल तपकिरी, मरगळलेले दिसतात. त्यांची चमक निळ्याखाली उमटते. झाडांसाठीचे गुलाबी-जांभळे दिवे मात्र सोडून द्यावेत. त्यांची बरीचशी वीज तांबड्या डायोडवर जाते आणि टाकी बघवत नाही.

लेन्सबद्दल कुणी बोलत नाही, तुम्ही बोललात. दिवा पाण्यावर २० सेंमी टांगला, तर ६० अंशांची लेन्स पृष्ठभागावर जेमतेम २३ सेंमीचं वर्तुळ टाकते: मधलं कोरल भाजतं, कोपरे उपाशी. ९० अंशांची साधारण ४० सेंमी. १२० अंशांची जवळपास ७० सेंमी, म्हणजे अर्धाअधिक उजेड काचेबाहेर, भिंतीवर. लहान टाकीला ९० बरी. स्वस्तातली ती १६५ वॅटची काळी पेटी (पेटीच्या आकाराचा एलईडी दिवा) घ्यायचा मोह सगळ्यांनाच होतो. ती ४० सेंमीच्या टाकीवर लावली तर डिमर तळाला आणून ठेवावा लागतो, आणि तिथे काही ड्रायव्हर (डायोडना वीज पुरवणारे भाग) दिवा लुकलुकवू लागतात. मोठी टाकी असेल तर जरूर घ्यावी. आणि छापलेले १६५ वॅट ती भिंतीतून ओढतेच असं नाही. वॅटमीटर लावून बघावं.

आता मोजण्याबद्दल, कारण खरे आभार त्याचेच. सेन्सर दिव्याकडे तिरका धरायचा नाही, सरळ वर तोंड करून, जिथे कोरल बसणार नेमक्या त्या जागी. पंप बंद करायचा, नाहीतर लाटांच्या चकाकीने आकडा नाचत राहतो. हात आणि डोकं उजेडात येऊ द्यायचं नाही. वाळूवर पाच जागा, खडकाच्या मध्यावर पाच, माथ्यावर पाच. पंधरा आकडे कागदावर. हवेत जुळवलेला सेन्सर पाण्याखाली कमी दाखवतो, म्हणून पुस्तिकेतल्या गुणकाने गुणायचं. ही शेवटची पायरी गाळली की दिवा आहे त्यापेक्षा कमजोर वाटतो, माणूस डिमर वाढवतो आणि महिन्याभरात कोरल पांढरं पडतं.

पार मीटर नसेल त्यांना लक्समीटरचा (डोळ्याला दिसणारा उजेड मोजणाऱ्या यंत्राचा) तुम्ही सांगितलेला उपयोग मर्यादित पण खरा आहे: एकाच दिव्याची, एकाच रंगाच्या मिश्रणावर, दोन जागांची तुलना. 'इथे तिथल्यापेक्षा निम्मं आहे' एवढं तो नीट सांगतो. निळ्या दिव्याचे लक्स बघून पार काढू नये.

आकडा कमी निघाला म्हणून दिवा टाकून द्यायची गरज नाही, हे तुम्ही गुणाकार करून दाखवलंत. १०० पार ९ तास म्हणजे दिवसाचे ३.२४ मोल, १५० पार ६ तास म्हणजेही ३.२४ मोल. दिवा ८० च देत असेल तर ११ तास चालवला की जवळपास तिथेच पोचतो. हे उलट्या बाजूने मात्र चालत नाही. ४०० पार दोन-अडीच तास दिला तर हिशेब जुळेल, पण मशरूम पेलणार नाही.

नवीन दिव्याची सुरुवात ३० ते ४० टक्क्यांवर आणि दर आठवड्याला फार तर ५ टक्के वाढ. नवा फ्रॅग (लावायला आणलेला कोरलचा तुकडा) आधी वाळूवर, दोन आठवड्यांनी वर. कोरल फिकट पडू लागलं तर झूझँथेली बाहेर जातायत; उजेड कमी करायचा किंवा ते सावलीत हलवायचं, पण अंधार करायचा नाही. झोआंथिडच्या माना लांबल्या तर प्रकाश कमी पडतोय. तपकिरी झालं तर आधी नायट्रेट-फॉस्फेट तपासायचं, मग डिमरला हात. आणि दिवा वाढवल्यावर केएच (अल्कलिनिटीचं, म्हणजे पाण्यातल्या कार्बोनेटचं माप) घसरला तर गोंधळून जायचं नाही: प्रकाश वाढला, सांगाडा वेगाने बनू लागला, अल्कलिनिटी त्यात खर्च झाली. आठवड्यातून एकदा मोजली की झालं.

मिठाचं तेवढं राहिलं. झाकणाच्या काचेवर आणि लेन्सवर मिठाचा पांढरा थर बसतो आणि प्रकाश हळूहळू, कळेल न कळेल असा घटतो. आठवड्याला आरओच्या पाण्याने ओलं केलेलं मऊ कापड फिरवावं. तीन महिन्यांनी एकदम घासलं तर त्याच दिवशी डिमर खाली आणावा, कारण कोरलला तो अचानक चढलेला उजेडच असतो. स्वस्त दिव्यात डायोडच्या आधी पंखा जातो. त्याच्या पात्यांवरचं मीठही काढत राहावं. ड्रायव्हर टाकीच्या झाकणावर कधीही ठेवू नये. वायर प्लगच्या खाली झोल देऊन मग वर न्यावी, म्हणजे वायरीवरून ओघळलेला थेंब झोलातून खाली पडतो, सॉकेटमध्ये जात नाही. बोर्डाला आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) असावा. स्टँडचा क्लॅम्प काचेच्या जाडीला बसतो का, हे मागवण्याआधी पट्टीने बघावं; आणि क्लॅम्प असला तरी दिव्याला वेगळी दोरी बांधावी, हा तुमचा हट्ट सुरुवातीला जास्तीचा वाटला होता. आता तोही मान्य.

मीटर उद्या हातोहात पोचवतो. सेन्सर गोड्या पाण्यात दहा मिनिटं बुडवून, पुसून, टोपी लावून ठेवलाय. वायर घट्ट गुंडाळलेली नाही, सैल वेटोळं केलंय. बॅटरी नवी घातली आहे. पंधरा आकड्यांचा कागद डब्यातच ठेवलाय. मागच्या डाव्या कोपऱ्यात वाळूवर ३८ च भरतंय, तिथे मशरूम लावावं की दिवा दोन सेंमी मागे सरकवावा, तेवढं सांगा.

तुमचेच,
छोट्या टाक्यांवाले